अबोलीसाठी चिखलातली बोट

मिल्टन, ओंटारिओ
१० ऑगस्ट २०२५

ती. वनिताताईस,
देवेशचा सा. न. वि. वि.

होडीच्या इंजिनाच्या आवाजाने तुझे कान गेल्यापासून आपलं फोनवर बोलणं म्हणजे दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी ओरडून सांगणं झालंय. म्हणून हे पत्र. शेजारच्या श्रावणीला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांग आणि तुझ्या उत्तराचा फोटोही तिलाच पाठवायला सांग.

बातमी अशी, की अबोली माझ्याशी बोलली! हसू नकोस. दोन वर्षांपूर्वी तिने कॉम्प्युटरचं शिक्षण मध्येच सोडून पाणथळ जागांचा अभ्यास घेतला, तेव्हा मी चारचौघांत बोलून गेलो होतो, की बदकं मोजायला आपण कॅनडात आलो का? तेव्हापासून माझ्या वाट्याला फक्त हाय बाबा आणि बाय बाबा. बाकी सगळं आईशी, नीलिमाशी. आता तिला एरी लेकच्या काठी नोकरी आहे, इथून दोन तासांवर. महिन्यातून एकदा घरी येते. गेल्या रविवारी मी ड्राइव्हवेवर गाडी धूत होतो, तर शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, की बाबा, तुला बोटीतलं कळतं ना, मला उथळ पाण्यातली बोट घ्यायची आहे. मासे पकडायला आणि सीझनमध्ये बदकांच्या शिकारीला. पाइप माझ्या हातात तसाच राहिला आणि बूट भिजून गेले.

शिकार ऐकून नीलिमाने डोक्याला हात लावला. पण अबोलीकडे बंदुकीचं लायसन्स, परमिट, सगळं रीतसर आहे. दिवसाला किती बदकं मारायची हेही सरकारने ठरवून दिलंय. ती म्हणते, मोजणाऱ्यालाच कळतं किती घ्यावीत. मी मान डोलावली. गेल्या दोन वर्षांत तेवढं शिकलोय.

तिथलं पाणी म्हणजे आपल्या खाडीच्या आतल्या बाजूसारखं, गुडघाभर पाणी आणि खाली गाळ. आपल्याकडचं ओबीएम, होडीमागे लावायचं मशीन, तिथे चालायचं नाही. इथे त्यासाठी मड मोटर मिळते. हवेवर गार होणारं इंजिन, मागे लांब दांडा आणि त्याच्या टोकाला पंखा. चिखलातून, गवतातून चालते म्हणतात. दोन बोटी मनात आहेत. एक चौदा फुटी, हलकी, सपाट तळाची, लहान मोटरची. दुसरी अठरा फुटी, भारी मोटर, आखूड दांडा, पळते झकास. मी एक्सेलमध्ये बावीस मुद्द्यांचा तक्ता केला. मोठी पुढे आहे. दुकानदारही तीच घ्या म्हणतो.

पण ताई, मला भीती वाटते. मी पाणी सोडून तीस वर्षं झाली. ही बोट चुकली तर ती मला पुन्हा काही विचारायची नाही. लवकर लिही.

भावोजींना नमस्कार. तुझा माझ्यावर जीव आहे, तो बावीस मुद्दे वाचूनही तसाच राहो.

तुझा
देवेश

आंजर्ले
१६ ऑगस्ट २०२५

चि. देवेश यास अनेक आशीर्वाद,
चि. सौ. नीलिमा आणि चि. अबोली यांनाही.

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. हे विचारायला आले काय झालं म्हणून. मी सांगितलं, देवेशची लेक चिखलात उतरली. हेही हसले, आणि हे वर्षातून किती वेळा हसतात तुला ठाऊक आहे.

अरे शहाण्या, तू कॉम्प्युटर शिकायला पुण्याला निघालास तेव्हा आबा काय म्हणाले होते? चार पिढ्या पाण्यावर जगल्या आणि हा डबे बडवायला चालला! वर्षभर तुझ्याशी बोलले नाहीत. तू रात्रंदिवस रडायचास, मीच समजूत घालायचे. आणि आता लेक पाण्याकडे वळली तर तू तोच पाढा वाचलास. खाण तशी माती, दुसरं काय! पण पोरीने आपण होऊन विचारलंय, तर आता जास्तीचं बोलू नकोस. विचारेल तेवढंच सांग.

आता बोटीचं. श्रावणीने मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. ओबीएमबद्दल तुझं बरोबर आहे. पाणी ओढून गार होणारं मशीन गाळात घातलं की गाळच ओढतं, तापतं आणि बसतं. ह्यांनी तशी दोन मशिनं जाळली. हे लांब दांड्याचं मला आवडलं. दांडा वर उचलता येतो, पंख्याला गवत गुंडाळलं तर हाताने काढता येतं. अर्थात मशीन बंद करून, हे तुला वेगळं सांगायला नको. की हवं?

पण मोठी घेऊ नकोस. तो दुकानदार काय चिखलात ढकलायला येणार आहे? खाडीत माझा एकच नियम होता. दोघांनी खांदा लावला आणि रिकामी होडी हलली नाही, तर ती होडी आपली नाही, आपण तिचे गडी. तुझा तक्ता ठेव बाजूला. दुकानात जा, एका बाजूला तू, एका बाजूला अबोली, आणि ढकलून बघा. लाज वाटत असेल तर तिला पुढे कर.

घेतलीस की नारळ फोड. आपली नारळी पौर्णिमा आठवडाभरापूर्वीच झाली, तुझी उशिरा होईल एवढंच.

जपून राहा. माया कमी व्हायचं आता माझं वय नाही.

तुझी
वनिताताई

मिल्टन
७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

ढकलून बघितली! दुकानाच्या मागच्या अंगणात बोटी गवतावर ठेवलेल्या असतात. मी त्या माणसाला सांगितलं, की माझ्या बहिणीची अट आहे, बोट आधी ढकलून बघायची. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग मी आणि अबोलीने मोठीला खांदा लावला. ती ढिम्म. माझा चेहरा लाल झाला, कंबर करकरली, बोट इंचभरही सरकली नाही. मग लहानीला लावला, तर ती अशी सर्रकन गेली की मी गवतावर तोंडघशी पडलो. आणि ताई, अबोली हसली. पोट धरून, खाली बसून हसली. माझ्यासमोर हसून तिला दोन वर्षं झाली होती. मी गवतावर थोडा वेळ तसाच पडून राहिलो.

तर लहान घेतली. हिरवट रंगाची, लांब दांड्याची मोटर लावून. बोट चालवायचं कार्ड लागतं, मी ऑनलाइन परीक्षा दिली. खाडीत वाढलेल्या माणसाला त्यांनी विचारलं की लाइफ जॅकेट कशाला म्हणतात! पण एक प्रश्न चुकला, तो कुठला ते सांगणार नाही. नारळ इंडियन ग्रोसरीतून आणला आणि ड्राइव्हवेवर दगडावर फोडला. समोरच्या आजोबांनी चौकशी केली, त्यांनाही खोबरं दिलं.

लेकवर दोनदा जाऊन आलो. एकदा मी चालवली, एकदा तिने. दहा पर्च मिळाले. नीलिमाने कालवण केलं. गोड्या पाण्यातला मासा, चिंच थोडी जास्त लागते. महिनाअखेरीला बदकांचा सीझन सुरू होईल. बंदूक तिची, बोट माझी, असं ठरलंय. आमच्यात अजून बोलणं बेताचंच आहे. हे धर, ते दे, डावीकडे घे, एवढंच. त्याच्या पुढे काय बोलावं ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर कळव.

आपला लोभ कसा टिकवायचा हे तुला शिकवायला नको.

देवेश

आंजर्ले
१४ सप्टेंबर २०२५

चि. देवेश यास आशीर्वाद.

कमरेला शेक दे. वय काय, करतोस काय!

बोलायचं काय, म्हणून विचारतोस. मला चार पानं लिहितोस ते काय आहे मग? तेच तिच्याशी बोल. पण भाषण नको.

आता नीट ऐक. बदकं उतरतात ती जागा उथळच असणार, आणि तुम्ही रुतणार. सगळेच रुततात. तेव्हा मोटर रागाने फिरवायची नाही, पंखा आणखी खोल बसतो. उडी मारून खाली उतरायचं नाही, पाय कमरेपर्यंत जातो. आबांनी शिकवलंय ते कर. काठी रोव, पाण्याच्या रेषेवर फडकं बांध आणि शांत बस. चिखलाने होडी कधी खाल्लेली नाही. भरती येते आणि अलगद उचलते. घाई करणाराच मरतो.

गरम कपडे दोन जोड घ्या. चहा न्या. आणि पोहोचलात की कळवायचं, नाहीतर मी इथे माळ ओढत बसेन.

जीव सांभाळून राहा, एवढंच मागणं.

वनिताताई

मिल्टन
१३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी सांगतो, आम्ही दोघं सुखरूप आहोत. मी सोफ्यावर आहे, अबोली वरच्या खोलीत झोपली आहे, नीलिमा माझ्यावर अजून चिडलेली आहे. आता पुढचं वाच.

इथे थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड. शनिवारी सकाळी आम्ही लव्हाळ्याच्या आत शिरलो, खरी बदकं फसून उतरावीत म्हणून पाण्यावर प्लास्टिकची बदकं मांडली, मोटर बंद केली. दोन बदकं मिळाली. निघायची वेळ झाली तर बोट हलेना. गाळ म्हणजे चिकट कणीक. मोटर चालवून पाहिली, तर नुसता चिखल उडाला. मग मला तुझं पत्र आठवलं. मी ऐटीत अबोलीला सांगितलं, की घाबरू नकोस, असं होतंच. काठी रोवली, माझा रुमाल पाण्याच्या रेषेवर बांधला आणि भरतीची वाट बघत बसलो.

ताई, अडीच तास. तोवर मी तिला खाडीबद्दल सांगत होतो. वेळ जायला हवा म्हणून. तू आणि मी आबांची होडी न विचारता घेऊन गेलो आणि खेकड्याने माझा अंगठा धरला ते. आबा माझ्याशी बोलत नव्हते तेव्हा एस्टी स्टँडवर येऊन, काही न बोलता पिशवीत सुके बोंबील ठेवून गेले तेही. ते मी नीलिमालाही कधी सांगितलं नव्हतं. मग आपसूक तोंडातून निघालं, की तुझ्या बदकांबद्दल मी बोललो ते चुकलं, बाळा. तिने थर्मासातला चहा मला ओतून दिला.

आणि मग मी रुमालाकडे पाहिलं. पाणी होतं तिथेच! मी उठून उभा राहिलो. ताई, हा लेक आहे गं, समुद्र नाही! इथे कसली आलीय भरती! बावन्न वर्षांचा इंजिनिअर मी, अडीच तास तळ्यात भरतीची वाट बघत बसलो. ऊन उतरत होतं, गारठा वाढत होता आणि माझी पोर माझ्या भरवशावर बसली होती.

मग मात्र तुझाच नियम कामी आला. सामान मागे रचलं. छातीपर्यंतचे रबरी बूट दोघांनीही घातलेले होतेच. एक हात बोटीला घट्ट, एक पाय गाळात, आणि डावी-उजवी झुलवत झुलवत आम्ही ती हातभर मागे खेचली. मग आणखी हातभर. आणि एकदम मोकळी झाली. ती मोठी घेतली असती तर तिथून फोन करून माणसं बोलवावी लागली असती. उजेड असतानाच काठाला लागलो. परतताना गाडी अबोलीने चालवली. आता इतकं हलकं वाटतंय की काय सांगू! बदकांचा रस्सा झाला, दोनदा भात घेतला.

तुझी भरती तुझ्या आंजर्ल्यात ठेव. बाकी लोभ पाठवत राहा.

देवेश

आंजर्ले
१५ ऑक्टोबर २०२५

चि. अबोलीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाचं पत्र वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. चूक माझी आहे. जन्मभर खाडी पाहिली, वाटलं पाणी म्हटलं की भरती आलीच. तुझा बाप तिकडे राहूनही तसाच. तुम्हाला काही झालं असतं तर मी स्वतःला क्षमा केली नसती.

पण मला एक सांग. तू तर रोज त्याच पाण्यात काम करतेस. तुला ठाऊक नव्हतं? बापाला लगेच का नाही सांगितलंस? खरं सांग, मी रागावणार नाही. मराठीत चुकलीस तरी चालेल. देवेशला दाखवणार नाही.

तुझ्यावर माझा हक्काचा जीव आहे.

आत्या

मिल्टन
१८ ऑक्टोबर २०२५

डियर आत्या,
नमस्कार.

मी फोनमध्ये बोलते आणि तो मराठीत टाइप करतो. चुका असतील, सॉरी.

हो, मला माहीत होतं. पहिल्या मिनिटालाच. बाबा काठी लावत होता तेव्हा मी सांगणार होते, की बाबा, देअर इज नो टाइड. पण तो खेकड्याची गोष्ट सांगायला लागला. तो हाताने दाखवत होता, खेकडा कसा धरतो ते. मी त्याला असं कधी पाहिलं नाही. घरी तो फक्त वेदर, ट्रॅफिक आणि विंटर टायर्स बोलतो.

तू काळजी करू नकोस. माझ्या फोनला सिग्नल होता, वारा नव्हता, आमच्या ऑफिसची माणसं जवळच काम करत होती. मी घड्याळ बघत होते. चार वाजता मी सांगणारच होते. चारला दहा कमी असताना त्याला स्वतःलाच कळलं.

अजून एक. माझ्या ऑफिसमध्ये तिघांकडे अशा बोटी आहेत. कुठली घ्यायची ते मी त्यांना विचारू शकले असते. मी बाबाला विचारलं, कारण दुसरं काय विचारायचं ते मला सुचत नव्हतं. आईला मी हे सगळं सांगितलंय. ती आधी ओरडली, मग खूप रडली आणि मग तिने मला शिरा करून दिला.

बाबाने सॉरी म्हटलं तेव्हा मला काही बोलता आलं नाही. मराठीत नाही आणि इंग्लिशमध्ये पण नाही. म्हणून चहा दिला. काल परत घरी आले तेव्हा मात्र मी बोलले. मी त्याला सांगितलं, की मी पण दोन वर्षं हट्ट केला, आता पुरे. तो म्हणाला ओके. मग बेसमेंटमध्ये गेला आणि बराच वेळ वर आला नाही. आई म्हणाली, जाऊ दे, रडत असेल.

आम्ही पुढच्या शनिवारी परत लेकवर जातोय. त्याला सांगू नकोस मला माहीत होतं ते. मी सांगेन कधीतरी, बोटीतच.

खूप प्रेम, आणि तुझं मला पाठव.

अबोली