व्याह्याने मागितलेल्या दोन गोळ्या

४ नोव्हेंबर
वाशीम. शेवटी डॉक्टरला तोंड दाखवलं. दोन वर्षं रात्रीचं जमत नव्हतं, ते शुगरवर आणि वयावर ढकलत होतो. तरुण पोरगा, पण हसला नाही. बी.पी., ई.सी.जी., शुगर, सगळं पाहिलं. मग विचारलं, "छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी चालू आहे का? ती आणि मी देतोय ती एकत्र झाल्या तर बी.पी. एकदम पडतं, माणूस जातो." नाही म्हणालो. सध्या अर्धीच घ्यायची. "आणि ही दुसऱ्या कोणाला देऊ नका."
इथे तिला नुसतं 'गो.' लिहीन. घरात वाचणारे आहेत.

१० नोव्हें.
गो. लागू पडली. सकाळी ही म्हणाली, "मले वाटे, माहाच कंटाळा आला तुमाले." दोन वर्षं हे मनात ठेवून भाकरी थापत होती. आधी का गेलो नाही, गाढवा.

१७ नोव्हें.
रिठद. नातवाचं जावळ. जेवणं झाल्यावर आमच्या सुनंदाचे सासरे मला गोठ्यामागे घेऊन गेले. "इवाई, तोंड लय खुललं तुमचं. काय खाऊन राह्यले?" फुशारकीत सांगून बसलो. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच, "मले बी दोन द्या."
छातीचं विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण मुलीच्या बापाने व्याह्याला आजार कसा विचारायचा? लग्नाच्या बोलणीत माझी शुगर आम्हीही लपवलीच होती. पट्टी खिशातच असते, घरात कुठे ठेवणार. दोन कापून दिल्या, मानाचा दुपट्टा द्यावा तशा.

२१ नोव्हें.
सकाळी सुनंदाचा फोन. "बाबा, मामाजी छाती धरून बसले. त्याईची जिभेखालची गोळी ठेवू का?"
त्यांची! म्हणजे होतीच घरात.
गो. घेतली का, एवढंच विचारायचं होतं. पोटच्या पोरीला, तिच्या सासऱ्याबद्दल. म्हणालो, "जावयाले फोन दे." "थे वावरात गेले. काहून?" म्हटलं, मग सासूला दे. "त्या देवळात हायेत. बाबा, बोला ना! ... ठेवली मी."
तेव्हा कुठे ओरडलो, "काढ! थुंकाले लाव!" पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज.

२२ नोव्हें.
काल लिहायचं उरलं ते. व्याह्यांना अकोल्याला हलवलं होतं; आमच्या मेडशीहून मिळेल त्या जीपने तिथलं हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरला सगळं सांगितलं, जावयासमोर. मी दिलेली गो. परवा रात्री घेतली असेल, असं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलं. बी.पी. वर आलं की जिभेखालच्या गोळीचंच औषध आम्ही सलाइनमधून देणार होतो." जावई बाहेर निघून गेला.
आयसीयू. बी.पी. अजून वर येत नाही.

२५ नोव्हें.
बी.पी. आलं, पण किडनीला मार बसलाय. शुद्ध येते, जाते. काचेतून पाहिलं. आपल्याहून तीन वर्षांनी लहान माणूस.

२८ नोव्हें.
जावयाने रिठदला सांगितलंय, सुनेनं चुकीची गोळी ठेवली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबाची इज्जत हाय. सुनंदाले चार दिवस बोलतीन लोकं, मंग इसरतीन. तुमी मधात पडू नका." हो म्हणून मान हलवली मी. लाज वाटते लिहायला, पण हलवली.

३० नोव्हें.
सुनंदाचा फोन. आवाज बसलेला. सासू तिच्या हातचा चहा घेत नाही. लेकराला तिच्याजवळ झोपू देत नाही. "बाबा, मी ठेवली म्हणून झालं का?" नाही म्हणालो. "मंग कशानं?"
नंतर करतो म्हणून फोन ठेवला. कुत्र्याच्या मोलाचा बाप.

१ डिसें.
हिला आज सगळं सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. धान्य निवडत होती, ते बाजूला ठेवलं.
उद्या व्याह्यांची चौकशी करायला रिठदला पाहुणे जमणार. तिथेच, सगळ्यांसमोर, गो. मीच दिली हे बोलायचं म्हणतो.
"बोला," ही म्हणाली. "पण घरची इज्जत गेल्यावर थे माह्या पोरीले नांदवतीन का?"
पिशवी भरून ठेवली. बस सकाळी साडेसातची आहे.