शेजारच्या सीटवरच्या उशा

३ मार्च

गाडी चढावर बंद पडली! नुसती बंद पडली असती तर एक वेळ ठीक — मागे आली. वसतिगृहाचा चढ, अर्ध्यात, गाद्यांसकट. कोपऱ्यावरच्या घराच्या कुंपणाला टेकून थांबली. कुंड्या फुटल्या, मागचा दिवा गेला. यांना काही झालं नाही. खरं तर हेच सगळ्यात आधी लिहायचं होतं.

घरी आले ते घामानं चिंब. घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "इंजिनात दमच उरला नाही. नवी पिकअप घ्यायची. चांगली ताकदीची." बस्स, एवढंच. मग खाली दुकानात जाऊन नमुन्याच्या गादीवर आडवे झाले आणि पंख्याकडे बघत राहिले.

वसतिगृहाच्या बाईंचा फोन लगेच! गोड आवाजात धमकी कशी द्यावी ते त्यांच्याकडून शिकावं. "महिनाअखेरीपर्यंत सगळ्या गाद्या वर पोचल्या पाहिजेत हं. नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल." दुसरीकडे म्हणजे मोठ्या कंपनीकडे, दुसरं काय. आमचा कारखाना म्हणजे घराखालचा लांबट हॉल, दोन शिलाई यंत्रं आणि फोम कापायचं टेबल. इतकी मोठी ऑर्डर पहिल्यांदा मिळाली, आणि ती नेमकी टेकडीवर!

४ मार्च

कोपऱ्यावरच्या आजींना नव्या कुंड्या नेऊन दिल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गाडी थांबली, पण तुमचे मालक बराच वेळ उतरलेच नाहीत हो." घाबरले असतील! मी तर उडी मारून पळालेच असते.

६ मार्च

सल्ल्यांचा सुकाळ आहे घरात. न मागता मिळतायत, आणि कुठलेही दोन जुळत नाहीत.

भावजी सकाळीच हजर. यांचा धाकटा भाऊ — वजनदार माणूस, सगळ्याच अर्थानं. स्वतःकडे स्कूटर, पण बोलतात ट्रकच्या गोष्टी. "वहिनी, इंजिन मोठंच घ्या. चढावर गाडी रडता कामा नये. डिझेल काय, पितंय तर पिऊ दे!" पितंय तर पिऊ दे! भरणार कोण? आम्हीच ना!

लेक संध्याकाळी ऑफिसातून आली ती फोन पुढे करूनच. "आई, आपल्या फेऱ्या बघ. बाजार, स्टेशन, फोमचं गोदाम. सगळं सपाट! महिन्यातून एकदा चढ येतो म्हणून रोज हत्ती पोसायचा का? अ‍ॅव्हरेज बघून घ्या." ऐकताना पटलं. भावजी बोलत होते तेव्हा तेही पटलं होतं. मला दोन्ही पटतं हीच तर पंचाईत.

यांना विचारलं, तुमचं काय? चालवणारे तुम्ही! "मी सांगितलंय. ताकदीची." आणि पुन्हा पंखा.

हल्ली रात्री वर झोपायलाही येत नाहीत. खालचीच गादी पाठीला बरी वाटते म्हणे. बरी वाटणारच, मी शिवलीय!

७ मार्च

शोरूम. काचेचं दार, आत गार वारा आणि टाय लावलेला एक पोरगेलासा माणूस. त्याला मनातल्या मनात टायवाला म्हणायला लागले. टायवाला टॉर्कवर बोलत होता. मी विचारलं, टॉर्क म्हणजे काय ते गादीच्या भाषेत सांगा. बिचाऱ्यानं माहितीपत्रकच पुढे केलं.

दोन गाड्या काढल्या त्यानं. पांढरी आणि निळी. पांढरी तगडी, पण डिझेलला हावरी. निळी पोटाला कमी मागते, पण चढावर, टायवाल्याच्याच शब्दांत, "थोडी समजून घ्यावी लागते मॅडम." मी इतकी वर्षं माणसं समजून घेतेय, आता गाडीही!

हे पांढरीभोवती दोनदा फिरले. "ही चढावर एकाच गिअरमध्ये जाईल का? मध्ये बदलायला न लागता?" टायवाला म्हणाला, भार किती आहे त्यावर आहे. मग यांनी हळूच विचारलं, "बिनक्लचची येते का?" टायवाला हसला. "या गाड्यांमध्ये नाही काका." मलाही हसू आलं. या वयात चैन सुचतेय! यांचे कान लाल झाले. उगाच हसले मी.

९ मार्च

मिस्त्रीनं जुनी गाडी तपासून दिवा बदलून ठेवली. म्हणतो, "वहिनी, इंजिनात काही खोट नाही. मी स्वतः वसतिगृहापर्यंत नेऊन आणली."

रिकामी ना?

"हो, रिकामी. पण भरलेलीही जाईल. फक्त चढाच्या तोंडाशी दुसरा गिअर वेळेवर पडला पाहिजे."

मला अस्सा राग आला! म्हणजे यांना गिअर टाकता येत नाही? माझं लग्न झालं तेव्हापासून हा माणूस गाडी चालवतोय, त्याला हा दुसरा गिअर शिकवणार! चार शब्द सुनावून आले. जुनी गाडी विकली तर दुरुस्तीचं नेहमीचं गिऱ्हाईक जाईल, म्हणून गोडवे गातोय झालं.

घरी येऊन यांना सांगितलं. वाटलं, चिडतील, मिस्त्रीचा उद्धार करतील. काहीच नाही. "असं म्हणाला?" एवढंच, आणि ताट तसंच ठेवून उठले.

१० मार्च

पांढरी की निळी? तळ्यात की मळ्यात? आज उशीच्या खोळीला तिन्ही बाजूंनी शिलाई मारायची सोडून चारही बाजूंनी मारली. आता भरा कापूस!

१२ मार्च

पुन्हा शोरूम, चाचणीसाठी. चालवली कोणी? भावजींनी! दोन्ही. हे फुटपाथवर उभे. म्हटलं, अहो, तुम्ही बसा की! "त्याला हौस आहे, चालवू दे." भावजी पांढरीतून उतरले ते राजासारखे, निळीतून उतरले ते पाहुण्यासारखे. त्यांचं मत कळायला बोलायची गरजच पडली नाही.

पण खरी गंमत पुढे. टायवाल्यानं विचारलं, "तुमचा माल किती वजनाचा असतो?"

हे म्हणाले, "बारा डबल आणि सहा सिंगल."

"ते नग झाले काका. वजन?"

भावजी म्हणाले, "गाडी गच्च भरते! दोरीनं बांधावं लागतं वर!"

"ती उंची झाली. वजन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फोम कापते, शिवते, इंचाइंचाचा हिशेब माझ्या डोक्यात. पण वजन? देवाशपथ सांगते, आजवर आम्ही गादी कधी तोललीच नाही! गादी म्हणजे लांबी, रुंदी, जाडी. कोणी किलोवर मागतं का? गाडी डोंगराएवढी भरलेली दिसते, म्हणून ती जड. इतकी वर्षं हेच धरून चाललोय सगळे. टायवाल्यासमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेकीला सांगितलं तर पोट धरून हसली. मग म्हणाली, "अगं, मग आपण भांडतोय कशावर?"

१३ मार्च

वजनकाट्यावर गेलो. गाडी बंद पडली त्या दिवशीचाच माल, तसाच भरलेला. भावजींनी चालवली. हे आले नाहीत, पावत्या करायच्यात म्हणाले. आधी रिकामी गाडी तोलून घेतली होती, मग भरलेली. काट्यावरच्या माणसानं आकडा सांगितला. मी म्हटलं, पुन्हा बघा. त्यानं पुन्हा बघितलं. तोच!

घरी येऊन लेकीनं वजाबाकी केली. सगळ्या गाद्या मिळून — तीन भावजी! म्हणजे भावजी आणि त्यांच्यासारखे आणखी दोघे मागे बसले, तर तेवढंच ओझं. भावजींना हे माप आवडलं नाही, पण घरात ते रूढ झालं. जुनी पिकअप अशा दहा भावजींना आरामात ओढेल, असं खुद्द भावजीच खाली मान घालून म्हणाले.

म्हणजे लेक जिंकली. निळी पुरे. निळीसुद्धा कशाला, जुनीच पुरे!

मग ती थांबली का?

माझ्या डोक्याचा भुगा झालाय. इंजिन ठीक आहे. माल हलका आहे. मिस्त्रीनं चढवली. आणि यांच्या हातात ती अर्ध्यात मेली. प्रत्येक गोष्ट एकेकटी खरी वाटते, एकत्र ठेवली की एकही खरी वाटत नाही. एखादी गोष्ट माझ्या नाकासमोर आहे आणि मला दिसत नाहीये, असं सारखं वाटतंय. गाडीला काय झालंय?

यांना आकडा सांगितला. वाटलं, बरं वाटेल. यांचा चेहरा असा उतरला, जणू मी काही हिसकावूनच घेतलं. "म्हणजे पांढरी नको?" म्हणाले. लहान मुलासारखं.

१४ मार्च

भांडण. कडाक्याचं. असं आमच्यात होत नाही, मी बोलते आणि हे ऐकतात अशीच पद्धत आहे.

मी म्हटलं, पांढरीच का हवी ते एकदा नीट सांगा, मी उद्या घेऊन टाकते. तर म्हणाले, "चालवणारा मी आहे, मला कळतं!" मी म्हटलं, मग चाचणीला का नाही बसलात? "तू गाद्या शिव!"

तू गाद्या शिव! मला!

दुपारभर यंत्रावर बसून राग काढला, दोन सुया मोडल्या. राग ओसरल्यावर भीती वाटली. हा माणूस असा नाही. गाडी विकत घ्यायच्या नादात आमचं काहीतरी बिनसतंय, आणि ते काय हेच मला कळत नाही. मला गाडीची पर्वा नाही. पांढरी घ्या, निळी घ्या, बैलगाडी घ्या! मला माझा नवरा वरच्या खोलीत, माझ्याशी बोलताना हवाय.

१५ मार्च

वसतिगृहाच्या बाईंचा पुन्हा फोन. अजून गोड. म्हणजे अजून वाईट.

१६ मार्च

आज एक जोडपं आलं गादी घ्यायला. तो म्हणे कडक, ती म्हणे मऊ. मी नेहमीसारखंच सांगितलं, वाद बंद, चपला काढा, आधी आडवे व्हा. दुकानात झोपायला लाजतात माणसं, पण मी सोडत नाही. आडवं झाल्याशिवाय गादी विकायची नाही, हा माझा नियम. झोपल्यावर कळतं, कोणाची कंबर दुखते, कोणाचा खांदा. माणूस तोंडानं कडक मागतो आणि अंग मऊ मागतं.

ते गेल्यावर तशीच उभी राहिले. अरे, मी गिऱ्हाइकाला आडवं करते आणि नवऱ्यासाठी गाडी घेताना त्याला एकदाही गाडीत बसलेलं बघितलं नाही! जुन्या गाडीतसुद्धा नाही. कसं बघणार? शेजारची सीट उशांची. उशा वर दोरीनं बांधल्या की चेपतात, म्हणून त्या कायम पुढे, यांच्या शेजारी, पार छतापर्यंत. ही पद्धत माझीच. कित्येक वर्षांत त्या सीटवर माणूस म्हणून बसलेलं नाही.

यांना सांगितलं, उद्या माल आपण दोघं न्यायचा. जुन्याच गाडीतून. मी शेजारी बसणार.

"आणि उशा?"

उशा मागे. चेपल्या तर चेपल्या.

"चढाचं काम आहे. तू कशाला येतेस?"

मी उशांसाठी दोरी काढून ठेवली.  ते जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं."

१७ मार्च

सपाटीवर उत्तम चालवली. चढाच्या तोंडाशी इंजिन धापा टाकू लागलं. आता गिअर. यांनी डाव्या हातानं स्वतःच्या डाव्या मांडीवरची पँट मुठीत धरली, पाय उचलला आणि क्लचवर ठेवला. मग तोच हात गुडघ्यावर दाबून धरला. गिअर टाकायला हात उरलाच नाही. गाडी बंद पडली. यांनी हँडब्रेक ओढला आणि समोर बघत बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष होईल. आधी पायाला मुंग्या यायच्या. आता कधी उचलला जातो, कधी नाही." मग म्हणाले, "मोठं इंजिन असतं, तर गिअर बदलावाच लागला नसता गं. तुला कळलंही नसतं."

मी उतरले. आधी चाकाला दगड लावला. मग मागून एक उशी काढली आणि त्यांच्या गुडघ्याखाली ठेवली.