आकाशपाळण्याच्या फॉर्मवरचा अर्ज

प्रिय डेल,

जत्रेतले पाळणे तपासायला आम्हाला एक माणूस हवा होता. चाळीस अर्ज आले, सगळे एकाच साच्यातले, सगळे मेहनती. एकेचाळिसावा मात्र आकाशपाळणा तपासतात त्या छापील फॉर्मवर भरलेला. यंत्राचं नाव: नोरीन टॅकेट. बांधणीला वर्षं चौतीस. आढळलेले दोष: जीभ सैल, सकाळी दहापर्यंत डोकं गरम. माझा भागीदार हॉलिस पोट धरून हसला. "बाईला नोकरी हवीय की पाळण्याचं तिकीट?" म्हणाला आणि अर्ज कचऱ्यात टाकला.

मी तो परत काढला, पण कौतुकानं नव्हे. तू मला ओळखतोस, कुणी फार मोकळं बोललं की मी आधी पर्स सांभाळते. शेवटच्या नोकरीपुढे तिनं लिहिलं होतं, 'काढून टाकलं. न तपासलेल्या पाळण्यावर सही करायला नाही म्हटलं.' वा! नोकरी गेलेला प्रत्येक जण हुतात्माच असतो.

तिच्या जुन्या कंपनीला फोन केला. कोर्टकचेरीच्या भीतीनं हल्ली कुणी तारखांपलीकडे बोलत नाही. तिथल्या बाईनंही कधी लागली, कधी गेली, एवढंच सांगितलं. मग नोरीनलाच बोलावून आडवंतिडवं विचारलं. साहेबाचं नाव काही सांगेना. "जाऊ द्या हो. काम त्यांनीच शिकवलं मला. माणूस वाईट नाही. जत्रा तीन दिवसांवर आली आणि घाबरले." एवढा चांगुलपणा? माझा संशय आणखी वाढला. तिला आमच्या आवारातल्या पाळण्यावर चढवलं. अर्ध्या तासानं उतरली आणि म्हणाली, "सातव्या डब्याची खीळ झिजलीय. कालच पास कुणी केला हा?" हॉलिसनं केला होता. तो कॉफी आणायला निघून गेला.

सोमवारपासून ती कामावर येतेय. मी तुझी बहीण आहे हे तिला माहीत नाही. पण कंपनीचं नाव फॉर्मवर होतं, डेल, आणि तिथं सह्या घेणारा साहेब तू एकटाच आहेस. आठ दिवस मी तिला खोटी ठरवायला धडपडले ते तुझ्यासाठी. जमलं नाही. तिनं नाकारलेल्या त्या पाळण्यावर शेवटी सही कुणी केली? तो अजून फिरतोय का? शनिवारी तुमच्याकडे पुन्हा जत्रा भरेल, पोरं रांगेत उभी राहतील. वकिलाला विचारू नकोस, मला सांग. गुरुवारपर्यंत तू तो बंद केला नाहीस, तर शुक्रवारी सकाळी सरकारी कचेरीत फोन मी करीन, आणि तुझं नाव मीच सांगेन.

तरीही तुझीच,
आर्लीन