ज्याची खोली त्याचं मत

२ जून
आजपासून ही वही फक्त टीमसाठी. तब्येत, वीजबिल, विजयाशी झालेले वाद, यांतलं काहीही लिहायचं नाही.

परिस्थिती गंभीर आहे. आपल्या भिलाईच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममधल्या दोन्ही गार्ड यंदा पास होऊन गेल्या. उरलेल्या मुली उंच आहेत, पण उंच मुलीलाही बॉल कोणीतरी आणून द्यावा लागतो. (वाक्य चांगलं जमलं. कोच प्रवीण सरांना ऐकवावं.)

बस्तरकडच्या एका कॉलेजचं स्पोर्ट्स हॉस्टेल बंद झालंय. तिथल्या दोन गार्ड ट्रान्सफर घ्यायला तयार आहेत, खुशबू आणि गीतांजली. आपल्याकडे स्पोर्ट्स कोट्याची सीट एकच. म्हणून कमिटी बसली.

कमिटी म्हणजे आम्ही तिघे, कोर्टाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर. मी, चरोद्याचा रिटायर लोको पायलट तेजराम, आणि मेडिकल स्टोअरवाला सुशील. कॉलेजनं आम्हाला नेमलेलं नाही. पण पाच वर्षं एक प्रॅक्टिस चुकवली नाही, त्याला नेमणूकच म्हणतात.

माझं मत खुशबू. शूटिंग. तेजरामचं मत गीतांजली. म्हणतो, तिच्या हातून बॉल कोणी काढून दाखवावा. सुशील जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूनं असतो. म्हणून मी शेवटपर्यंत थांबलो. तेजरामही थांबला. डासांनी उठवलं.

५ जून, सकाळी ९
खुशबूचा व्हिडिओ मिळाला. चाळीस सेकंद. सहा शॉट, सहाही आत. एकतीस वेळा पाहिला, दर वेळी आत.

तेजरामला दाखवला. तो म्हणाला, अन् चुकलेले कुठं हायेत? मी म्हटलं, चुकले असते तर व्हिडिओत दिसले असते. तो माझ्याकडे बघत राहिला. पटलं असावं.

९ जून
घरचं लिहायचं नाही असं ठरलं होतं. एकच ओळ. गुंजन येते आहे. बारा जुलैला, दहा दिवस. पुण्याहून दोन वर्षांनी.

तिनं आईला सांगितलं की बाबांशी काही बोलायचं आहे, फोनवर नाही, समोर बसून. विजयानं लगेच तिच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. मी व्हिडिओ बघत होतो. छान म्हटलं.

(नोंद असावी म्हणून. गुंजन तीन वर्षं याच टीममध्ये गार्ड होती. शेवटच्या वर्षी फायनलला शेवटच्या मिनिटात मी पायऱ्यांवरून ओरडलो, डावीकडून जा. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि बॉल गेला. नंतर स्कूटरवर घरी येताना मी थोडं समजावलं. मरोदा येईपर्यंत, म्हणजे रस्ताभर. तिनं त्यानंतर बॉल हातात घेतला नाही. नोकरी लागली म्हणून असेल.)

१२ जून
निर्णायक दिवस.

प्रवीण सर स्वतः पायऱ्यांवर आले. हॉस्टेल फुल आहे म्हणाले. बाहेरगावची मुलगी हवी तर कुणीतरी घरी ठेवायला पाहिजे. मग म्हणाले, एक लोकल मुलगीही आहे, गार्ड, बी.पी.एड. करायचं म्हणते आहे, तिला हॉस्टेल लागणार नाही. फक्त दोन वर्षांचा गॅप आहे.

मी लगेच मुद्दे मांडले. एक, दोन वर्षं खेळ सोडलेल्या मुलीचा दम टिकत नाही. दोन, जी एकदा सोडते ती पुन्हा सोडते. तीन, अशा मुलींना घरच्यांनीच लाडावलेलं असतं.

सर म्हणाले, काका, एकदा नाव तरी विचारा. मी म्हटलं, कमिटी नाव बघत नाही, मेरिट बघते. सर शिटी गळ्यात अडकवून गेले. प्रभावित वाटले.

मग सुशीलनं तोडगा काढला. ज्याची खोली त्याचं मत. तेजरामकडे दोन खोल्या आणि पाच माणसं. मी शांतपणे सांगितलं, माझ्याकडे एक खोली रिकामीच आहे.

खुशबू पक्की.

१३ जून
विजयाला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, कोणती खोली? मी म्हटलं, आतली. म्हणाली, पोरगी दोन सालानं घरी येऊन राहिली, अन् तुमी तिची खोली लोकाच्या पोरीले देऊन राहिले? मी म्हटलं, लोकाची नाही, टीमची. म्हणाली, मंग टीमले सांगा भाकरी कराले.

ती भावनेत आली की मुद्दा सुटतो. जेवायला पिठलं होतं.

१६ जून, रविवार
गुंजनशी मीच बोललो. असं काम दुसऱ्यावर टाकू नये. सांगितलं, जुलैऐवजी ऑगस्टमध्ये येशील का, तुझी खोली एका खेळाडूला देतो आहे, हॉलमध्ये तुझी गैरसोय होईल. ती म्हणाली, कोण खेळाडू? मग मी खुशबूचं सगळं सांगितलं. पाय कसे ठेवते, मनगट कसं सोडते, सहापैकी सहा. वीस मिनिटं. एकदाही मध्ये बोलली नाही. आम्ही बाप-लेक इतकं कधी बोललो नव्हतो.

शेवटी म्हणाली, अच्छी प्लेअर है बाबा, रख लो. मी म्हटलं, तुला काय बोलायचं होतं? म्हणाली, कुछ खास नहीं.

मुलगी समजूतदार आहे. विजयाला उगीच वाटतं.

२० जून
आतली खोली रिकामी केली. कप आणि मेडलं ट्रंकेत भरली, ट्रंक पलंगाखाली. भिंतीवर बॉलचे गोल डाग आहेत. गुंजन आठवीत असताना तिथं बॉल आपटायची, रोज रात्री जेवण होईपर्यंत. तेव्हा मी ओरडायचो.

रंगवून घ्यायचं ठरवलं. मग वाटलं, राहू द्यावं, खुशबूला प्रेरणा मिळेल.

विजयानं दारातून पाहिलं आणि गेली.

२३ जून
संकल्प. यंदा पायऱ्यांवरून ओरडायचं नाही. फार तर सूचना करायच्या.

२७ जून
डाव्या हातानं लिहितो आहे. काल खुशबूचा शॉट कसा आहे हे तेजरामला कोर्टावर करून दाखवलं. उजवा खांदा गेला. बॉल रिंगपर्यंत पोचला नाही, पण फॉर्म बरोबर होता.

सुशीलनं मलम दिलं. म्हणाला, काका, गीतांजलीला शूटिंग करावंच लागत नाही, ती पास देते, तिला आणलं असतं तर खांदा वाचला असता. हा तेजरामचा माणूस झालेला आहे.

३ जुलै, दुपारी ४
खुशबू आणि तिचे वडील घर बघायला आले. साधी माणसं. मुलगी बारीक, कमी बोलणारी. विजयानं पोहे केले, आणि मला न विचारता लाडूही काढले. चांगलं लक्षण.

वडिलांनी विचारलं, कमरा किसका है? विजया म्हणाली, आमच्या गुंजनचा. खुशबूनं भिंतीवरचे डाग पाहिले आणि विचारलं, दीदी खेलती हैं? मी म्हटलं, खेलती थी, गार्ड. तिनं विचारलं, फिर छोड़ क्यों दिया? मी म्हटलं, घुटना.

ती म्हणाली, कौन सा?

खेळाडूच हे विचारतो. मी म्हटलं, बायाँ. विजया ताट उचलून आत गेली.

मग मी त्यांना कोर्टावर नेलं. तिनं बारा शॉट घेतले, मी चौदा सूचना केल्या. आठवा शॉट बाहेर गेला तेव्हा तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. तसंच पाहिलं.

पुढचं लिहीत नाही. एकूण भेट यशस्वी.

६ जुलै
खुशबूनं रायपूरला अ‍ॅडमिशन घेतली.

प्रवीण सरांनी फोनवर सांगितलं. मी कारण विचारलं. आधी टाळत होते. मग म्हणाले, काका, लड़की बोली घर बहुत अच्छा है, आंटी बहुत अच्छी हैं, अंकल बहुत समझाते हैं.

कौतुकच केलं आहे तिनं. रायपूरचं हॉस्टेल नवीन आहे, तेच कारण असणार.

७ जुलै
निराश व्हायचं नाही. प्लॅन बी. गुंजनला फोन केला की खोली रिकामी आहे, बाराला ये, काही हरकत नाही. ती म्हणाली, तिकीट कॅन्सल कर दिया बाबा. मी म्हटलं, पुन्हा काढ. म्हणाली, देखती हूँ.

प्लॅन बीचा दुसरा भाग गीतांजली. तेजरामला मोठ्या मनानं सांगितलं की तुझं मत मान्य. तो म्हणाला, माह्या मताले आता कोण विचारते, ती बिलासपूरले गेली कालच. तरी चौकशी करू असं मी म्हटलं. पोचलेली मुलगीही परत येऊ शकते. टीसी एकदा निघाली तर दुसऱ्यांदाही निघते.

१३ जुलै
गुंजन आली आहे. इथं नाही. दुर्गला, पद्मनाभपुरात, तिच्या मैत्रिणीकडे, समीक्षाकडे. युनिव्हर्सिटीतून मायग्रेशन सर्टिफिकेट काढायचं आहे म्हणे. हे मला विजयाच्या डब्यावरून कळलं. सकाळी चार माणसांचा डबा भरत होती. मी म्हटलं, कुणासाठी? म्हणाली, चाललो मी पद्मनाभपूरले. मी म्हटलं, मलाही सांगायचं होतंस. म्हणाली, तुमाले कावून सांगू? तुमी ऑगस्टमधी बोलावलं ना तिले.

मायग्रेशन कशाला लागतं ते विचारायचं राहिलं. ऑटो आला होता.

मी तिच्यामागून हाक मारून सांगितलं, तिला सांग, खोली झाडून ठेवली आहे.

१५ जुलै
संध्याकाळी कमिटीची तातडीची बैठक. विषय गीतांजली. कमिटीच्या वेळात फोन सायलेंट, हा नियम माझाच. घरी आलो तर विजया ओट्यापाशी बसलेली. टेबलावर दोन कप.

गुंजन आली होती. सहा वाजता. सात वाजेपर्यंत बसली. विजयानं मला नऊ वेळा फोन लावला. मी म्हटलं, कोर्ट पाच मिनिटांवर आहे, तिनं तिकडेच यायचं होतं, मुलगी कोर्टावर वाढली आहे. विजया म्हणाली, मी म्हटलं तिले, जाय, बाबा पायऱ्यांवर बसले असतीन. म्हणाली, नको आई, पायऱ्यांवर बसले असले तं नको.

खोलीत गेली होती का, मी विचारलं. दारापाशी गेली होती. मेडलं कुठं आहेत, विचारलं. विजयानं सांगितलं, पलंगाखाली.

बैठकीत गीतांजलीबद्दल काही ठरलं नाही.

१८ जुलै
गुंजन गेली. गाडी सकाळची होती. स्टेशनवर जायचा विचार होता. खांदा दुखत होता.

२१ जुलै, दुपारी
प्रवीण सर बाजारात भेटले. मी गार्डचं विचारलं. म्हणाले, यंदा टीमची एंट्री नाही काका. एकही गार्ड नाही, काय पाठवायचं.

मी म्हटलं, ती लोकल मुलगी होती ना, गॅपवाली. मी मेरिटचा मुद्दा थोडा ताणला होता, तिला बोलवा.

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, तिला मीच एप्रिलमध्ये फोन केला होता. नोकरी सोडून यायला तयार होती. म्हणाली, आधी बाबांना समोर बसून विचारते, ते हो म्हणाले तरच. मग जूनमध्ये तिचाच फोन आला. सर, घर में जगह नहीं है.

नंतर सर भावाची चौकशी करत राहिले, कोथिंबिरीच्या. मीही एक जुडी घेतली. घरात होती.

२२ जुलै
लिहिण्यासारखं काही नाही.

२३ जुलै
ट्रंक ओढून मेडलं परत लावायची होती. उजवा हात वर जात नाही. विजयाला हाक मारली. ती म्हणाली, राहू द्या आता.

२८ जुलै, रविवार
गुंजनला नागपूरला बी.पी.एड.ला सीट मिळाली. तिथल्या कॉलेजच्या टीममध्ये गार्ड म्हणून घेतली. विजया सांगत होती. विजयाची बहीण नागपूरला असते, गुंजन तिच्याकडे राहील. विजयाही जाते आहे, सोबत म्हणून, पहिले दोन-तीन महिने. माझ्यासाठी डब्याची सोय बघून झाली आहे.

मी म्हटलं, मीही येतो, मॅच असली की. विजयानं बॅगची चेन लावली. म्हणाली, तिले विचारून सांगतो.

संध्याकाळी पायऱ्यांवर गेलो. प्रॅक्टिस नव्हती, कोर्टावर कोणी नव्हतं, तरी तेजराम आणि सुशील आले होते. मी सांगितलं, नागपूरच्या एका टीमला यंदा ट्रान्सफरची गार्ड मिळाली आहे, आपल्या भिलाईची. सुशील म्हणाला, मग चांगलीच असणार. तेजरामनं विचारलं, तिचं खेळणं कसं हाये? डावीकडून जाते का उजवीकडून?

तीन वर्षं प्रत्येक मॅचला मी इथं बसलो होतो. सांगता आलं नाही.