बेअरिंगच्या मागचा कागद

बाबा,

काल अंबत्तूरच्या गॅरेजात आमच्या गाडीचं इंजिन उघडलं होतं. मेकॅनिकनं झिजलेली बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवली. अर्ध्या बांगडीसारखा तो तुकडा, आतल्या करड्या थराखालून तांबं वर आलेलं. मी आतली बाजू नीट पाहिलीच नाही. एकेक तुकडा उलटा करून त्याची पाठ बघत राहिले. "अम्मा, झीज आतून असते, पाठीमागे काय बघता?" असं त्यानं तमिळमध्ये विचारलं. पाठी सगळ्या स्वच्छ होत्या. घरी आले, कुकर लावला आणि तुम्हाला लिहायला बसले.

आपली गाडी काकांकडून घेतलेली होती. काका म्हणजे तुमच्याच कारखान्यातले मित्र, आपल्यासारखेच बदली होऊन मद्रासला आलेले, रविवार सकाळ आपल्याकडे घालवणारे. वर्षभरातच पुलाचा चढ लागला की इंजिनातून ठकठक यायला लागली, आणि मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही ते घरीच उघडायचं ठरवलंत. पत्र्याची शेड दुपारी भट्टी व्हायची म्हणून आपण पहाटे कामाला लागायचो. सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायला तुम्ही आईची परात घेतलीत. ती तुमच्याशी बोलेना. "त्या इंजिनालाच जेवण वाढायला सांगा म्हणावं आज," असं तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला सांगायची.

अशाच एका सकाळी मी शेजारी उकिडवी बसले आहे, हातात चिंधी. तुम्ही शाफ्टवरचं एक झाकण सोडवता, त्यातली बेअरिंग अंगठ्यानं सरकवून काढता, आणि तिच्या पाठीला चिकटलेली चंदेरी कागदाची पट्टी दिसते. सिगारेटच्या पाकिटातला कागद. दुसरं झाकण काढता, तिथेही तसाच. मी विचारते, हा कशाला? तुम्ही नेहमीसारखं समजावून सांगता. बेअरिंग झिजली की सैल होते, मग शाफ्ट आपटतो. मागे कागद घातला की ती घट्ट बसते, आवाज थोडे दिवस बंद. "गाडी विकायची असली की करतात असं," तुम्ही म्हणालात आणि मग तुमच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते.

"म्हणजे काकांनी?"

"बारा नंबरचा पाना दे."

पट्ट्या तुम्ही चिंधीत गुंडाळून फेकून दिल्यात. शाफ्ट घासून आणलात. नव्या बेअरिंग आणायला मला जॉर्ज टाउनला घेऊन गेलात, तिथला दुकानदार जुना तुकडा बघून "पोच्चु सार, फुल्ला पोच्चु" म्हणाला, म्हणजे गेलंच सगळं, आणि तुम्ही चक्क हसलात. घरी येऊन आपण एकेक बेअरिंग बसवली. ज्याचं झाकण त्यालाच, तेलाचं भोक भोकासमोर. प्रत्येक झाकण आवळलं की तुम्ही मला शाफ्ट हातानं फिरवून बघायला सांगायचात. "अडतोय?" "नाही." "मग पुढचं." जगात दुसरं काही घडलंच नव्हतं, असा तुमचा चेहरा.

रविवारी काका आले. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी इंजिन ऐकलं. "मी दिली तेव्हा अगदी अशीच होती," ते म्हणाले. तुम्ही म्हणालात, "हो, तेव्हा आवाज नव्हताच." दोघंही हसलात. मी काकांचं तोंड बघत होते, तुमचंही, आणि मला काहीच वाचता येत नव्हतं. मी म्हणाले, "काका, त्या बेअरिंगच्या मागे ना..." आणि पाहुण्यांसमोर तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा ओरडलात. "आत जा. चहा झाला का बघ."

हे मी विसरलेही असते. पण पुढे काकांनी त्यांच्या मुलासाठी मला मागणी घातली. तो इतकी वर्षं पुण्याला आजीकडे शिकत होता, मी त्याला धड पाहिलंही नव्हतं. तुम्ही तिथल्या तिथे होकार दिलात. आई म्हणाली, विचार करून सांगतो म्हणायचं तरी. तुम्ही म्हणालात, "त्यात विचार कसला? घर माहितीतलं आहे."

काय माहीत होतं तुम्हाला, बाबा? तो कागद काकांनी घातला नव्हता, एखाद्या गॅरेजवाल्यानं त्यांनाही फसवलं होतं, हे तुम्हाला कळलं होतं? की त्यांनीच घातला होता, आणि तुम्ही त्यांना एकटं गाठून विचारलंत, आणि त्यांनी जे उत्तर दिलं त्यावर तुम्ही मुलगी दिलीत? की तुम्ही कधी विचारलंच नाहीत, मैत्री मोडेल म्हणून, आणि मला तसंच पाठवलंत? मी कधी एक धरते, कधी दुसरं. लग्नानंतर विचारीन म्हणत होते, तोवर तुम्ही गेलात.

संसार चांगला झाला, हे तुम्हाला सांगायला हवं. काकू गेल्यापासून काका आमच्याकडेच आहेत. मी अजून त्यांना काकाच म्हणते. मटार सोलून देतात, माझ्यासाठी दुधावरची साय राखून ठेवतात, आणि "सूनबाई, तू बापासारखी हट्टी" असं आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात. परवा भाजीवालीनं शेवग्याची एक शेंग चुकून जास्त दिली, तर ती परत द्यायला भर उन्हात कोपऱ्यापर्यंत गेले. ती हसत होती, ठेवा ना सार म्हणत होती, काका ऐकेनात. मी गॅलरीतून बघत होते आणि मला पुन्हा काही कळेना. असा माणूस मित्राला फसवेल? की एकदा फसवलेला माणूसच पुढे असा होतो?

आत्ता ते बाहेर पेपर वाचताहेत. चष्मा कपाळावर आहे आणि मला हाक मारून चष्मा कुठे आहे विचारताहेत. उठून जायचं आणि विचारायचं, एवढंच. ते खरं तेच सांगतील, याची मला आता पूर्ण खात्री आहे. म्हणूनच विचारत नाही.