न घेतलेला अलार्म

६ जानेवारी, मंगळवार

पुन्हा पीप! कान किटले माझे.

सकाळपासून कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक लाल ढाल येऊन बसलीये. जरा वेळ गेला की ती पीप करते आणि पडदाभर पाटी लावते — तुमच्या संगणकात अमुक इतके धोके सापडले, ताबडतोब कारवाई करा! वकीलसाहेबांचं टाइपिंगचं काम घरी घेते मी, ते करायला बसले तर फाइलच उघडू देईना. म्हणे ही फाइल बाधित आहे. अरे, कालच टाइप केलीये मी ती! मी त्याचं नाव ढालोबा ठेवलं. निदान शिव्या घालायला नाव तरी हवं.

आणि हे! गालाला साबणाचा फेस, हातात दाढीचा ब्रश, आतून धावत आले. "घेतला!" म्हणून ओरडले, माउसवर बोट दाबलं आणि परत आरशापुढे. माउसला फेस. पुसतेय कोण? मी.

हे "घेतला" कारखान्यातलं. ह्यांची सगळी नोकरी बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये गेली. तिथे अलार्म वाजला, दिवा लुकलुकला, की जो जवळ असेल त्याने बटण दाबायचं आणि मोठ्याने म्हणायचं — घेतला. म्हणजे बाकीच्यांना कळतं की कुणीतरी बघतंय. मग जाऊन पाहायचं, काय झालंय ते. रिटायर झाले तरी घरात तेच. दूध उतू चाललं — घेतला! दाराची बेल — घेतला! लेकही तेच शिकली. लहानपणी अभ्यासाला बस म्हटलं की "घेतला" म्हणायची आणि खेळायला पळायची.

७ जानेवारी, बुधवार

चिंगीला फोन केला. दुसऱ्या शहरात एका ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळते, केस पांढरे व्हायला लागले, पण घरात चिंगी ती चिंगीच.

"आई, तो अँटिव्हायरस नाहीच. तोच व्हायरस आहे. धोके-बिके सगळं खोटं. घाबरवायचं आणि कार्डाचा नंबर मागायचा."

म्हणजे चोरच पहारेकऱ्याचा डगला घालून फिरतोय!

"पण आत आला कसा?"

"कुणीतरी ओके दाबल्याशिवाय येत नाही, आई."

कुणीतरी! घरात माणसं दोन. विचारलं ह्यांना. लपवालपवी ह्यांच्या स्वभावातच नाही. म्हणाले, "परवा पाटी आली, धोका आहे म्हणून. मी घेतला. परत आली. परत घेतला." झालं! चोराला दार उघडलं, वर पाणी विचारलं. आणि चिंगीने घालून दिलेला खरा अँटिव्हायरस? "तो कधी बोलायचाच नाही. मला वाटलं बंद पडलाय."

हसू आलं मला. कार्डाचा नंबरही देणार होते, पण चष्मा सापडला नाही म्हणून राहिलं. तो चष्मा फ्रिजमध्ये होता. असो.

८ जानेवारी, गुरुवार

आज भांडण. मी म्हटलं, "प्रत्येक पाटी खरी नसते. येईल त्या पाटीवर बोट दाबायचं नाही." ह्यांनी मान वर केली, जुने साहेब असल्यासारखी. "वाजणारा अलार्म वाईट नसतो. न घेतलेला वाईट. खरा की खोटा ते नंतर ठरवायचं. आधी घ्यायचा." मग फिटरची गोष्ट. एका पाळीत सगळ्यांनी खोटा म्हणून सोडून दिला आणि फिटरचे दोन्ही हात भाजले. लग्नापासून ऐकतेय. पण आज सांगताना फिटरचं नाव आठवेना. त्यावरून स्वतःवरच चिडले.

दुपारी मला चहा करून आणला. मी प्यायले. थोड्या वेळाने पुन्हा चहा आणला, तेवढ्याच कौतुकाने. तोही प्यायले. काय करणार!

चिंगीला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

"आई, मागच्या खेपेला मी आले तेव्हा गाडीला गर्दी होती का, हेच बाबा सारखं विचारत होते. दाखवून घेऊ या ना कुणाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर डोक्याशी ते खोकं भुंकतंय, माणूस चार वेळा ताटावरून उठतोय, डोकं ठिकाणावर राहील कसं? मी म्हटलं, "तू आधी मशीन कसं साफ करायचं ते सांग."

"आई, रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय तुझं."

माझीच म्हण मला! मग मीही शब्द दिला. मशीन साफ झालं, पीप बंद झाली, आणि तरी हे असेच राहिले, तर मी स्वतः डॉक्टरकडे घेऊन जाईन. तोवर हा विषय काढायचा नाही. "बरं," म्हणाली. तिचं ते "बरं" मला अजिबात आवडलं नाही.

फोन जरा आपटूनच ठेवला. रागानेच. आणखी कशाने आपटेन?

९ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर पीप. मी कानात कापूस घातला. हे घालेनात — "मग ऐकणार कोण?"

११ जानेवारी, रविवार

आज लढाई! काल वकीलसाहेबांच्या ऑफिसात जाऊन चिंगीने सांगितलेलं औषध पेन ड्राइव्हवर उतरवून आणलं. तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, आता डॉक्टर झालात." जेवणं उरकून बसलो. फोन कानाला, मान तिरकी.

मशीन चालू करताना एक बटण टकटक दाबत राहायचं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. चिंगी म्हणते, "आई, पाहुण्यासारखं एकदा वाजवून थांबू नको, आतून कडी लागल्यासारखं धडाधड वाजव." तिसऱ्यांदा काळा पडदा आला आणि त्यावर पांढरी अक्षरं. मग मशीन उघडलं ते अगदी अंथरुणातून उठल्यासारखं. चित्रं मोठीमोठी, रंग उडालेले. पण ढाल नाही! चिंगी म्हणाली, या अवस्थेत मशीन फक्त गरजेपुरतं जागं होतं, आगंतुक झोपलेलेच राहतात. झोपेतच धरायचे.

धरला. मशीन सुरू होताना कोण-कोण उठतं त्याची एक यादी असते, त्यात एक नाव नुसतं अक्षरांचं कडबोळं. "हाच," चिंगी म्हणाली. त्याची खूण काढली. मग तो राहतो त्या कप्प्यात गेले आणि तिथून उडवला. मग पेन ड्राइव्हवरचं औषध. निळी पट्टी सरकायला लागली — गोगलगाय परवडली! शेवटी आणखी कुठेतरी त्याने इंटरनेटचा रस्ता भलतीकडे वळवून ठेवला होता, तोही सरळ केला.

हे शेजारी स्टुलावर बसून होते. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, ड्यूटीवर असल्यासारखे. मध्येच हळूच विचारलं, "तो गेला तर मग लक्ष कोण ठेवणार?"

"तो दुसरा आहे ना. न बोलणारा."

"न बोलणाऱ्याचं काही खरं नसतं."

मशीन पुन्हा सुरू केलं. ढाल नाही. वाट पाहिली. पीप नाही! मी चिंगीला फोनवर टाळी दिली. ह्यांना म्हटलं, बघा, बायकोने चोर पकडला. हे हसले. किती छान हसतात अजून.

१२ जानेवारी, सोमवार

मी भाजी आणायला काय गेले — आले तो ढालोबा हजर. पुन्हा कोपऱ्यात.

ह्यांनी बातम्या बघायला मशीन लावलं. कुठूनशी पाटी आली. घेतला!

मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे लिहू? "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" असं ओरडले. भाजीची पिशवी तशीच हातात. हे रागावले असते तर बरं होतं. ह्यांनी खरंच विचार केला. उभं राहून, नीट. आणि म्हणाले, "कालचं मला आठवत नाहीये गं. काल काय ठरलं होतं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि भाजी धूत बसले. धुतलेलीच पुन्हा धूत होते.

१३ जानेवारी, मंगळवार

हे केस कापायला गेले ते लवकर येईनात. शेवटी न्हावी स्वतः सोडायला आला, दुकान उघडं टाकून. म्हणाला, "काका कोपऱ्यावर उभे होते, म्हटलं सोबत येतो." मी म्हटलं, रस्ता खणून ठेवलाय ना, कुणीही चुकेल. तो "हो ना" म्हणाला आणि चपलांकडे बघत राहिला.

रस्ता खणलाय खरा. पण पलीकडच्या बाजूला.

चिंगीला हे सांगितलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

बस्स झाले घरचे उपाय. मशीनचं खोकं दुरुस्तीवाल्याकडे नेलं. रिक्षात मांडीवर घेऊन बसले होते. दुकान म्हणजे कपाटाएवढं, भिंतीला लागून खोकीच खोकी, प्रत्येकाला चिकटपट्टीवर मालकाचं नाव. माणूस पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. मी सगळी कहाणी सांगितली, "घेतला"सकट. त्याला हसू आवरेना.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. त्या दोन खोक्यांत पण हाच आहे. एक प्रोफेसरांचं, एक पोलिसांचं. घाबरला की शहाणा माणूसही बोट दाबतो."

ऐकलंस चिंगे? प्रोफेसर! पोलीस! मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

म्हणाला, सगळं पुसून नव्याने भरावं लागेल, तुमच्या फाइली तेवढ्या काढून ठेवतो, चार-पाच दिवस लागतील. म्हटलं, सावकाश करा. वकीलसाहेबांना काय सांगायचं ते सांगीन. घरी येताना मोकळे हात किती हलके वाटले.

१५ जानेवारी, गुरुवार

शांतता! घड्याळाची टिकटिक ऐकू येते हे विसरूनच गेले होते मी.

ह्यांनी सकाळी एका जागी बसून अख्खं वर्तमानपत्र वाचलं. ताटावरून एकदाही उठले नाहीत. दुपारी पत्ते काढले आणि मला सरळ-सरळ हरवलं. वर म्हणतात, "तुझं लक्ष नाही." माझं लक्ष नाही! आनंदाने जीव भांड्यात पडला. आणि पत्ते पिसता-पिसता, मी विचारलं नसताना, म्हणाले, "तुकाराम. त्या फिटरचं नाव तुकाराम."

तिथल्या तिथे चिंगीला फोन लावला. "बघ! काय म्हणत होते मी? सुंठीवाचून खोकला गेला. मशीन घराबाहेर आणि माणूस ताळ्यावर!" तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडत होती वेडी. म्हणाली, "आई, मी चुकले असेन तर मला हवंच आहे गं." मी तिला मोठ्या मनाने माफ केलं. आता हसू येतंय त्या मोठेपणाचं.

१६ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवसही चांगला. चहा एकदाच आला. वाट पाहिली मी दुसऱ्याची.

१७ जानेवारी, शनिवार

दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हे आतून लगबगीने आले आणि कॉम्प्युटरच्या टेबलापुढे उभे राहिले. टेबलाखाली खोकं नाही. वायरी नुसत्या लोंबतायत. पडद्यावर मीच टाकलेला पंचा.

"वाजतंय," म्हणाले. "केव्हाचं वाजतंय. कुणी घेत कसं नाही?"

घर इतकं शांत होतं! मी कान देऊन ऐकलं. खरंच ऐकलं. ती पीप यावी, एकदा तरी यावी, म्हणून देवाला हात जोडले.

हे माझ्याकडे बघत होते. घाबरले होते. इतक्या वर्षांत ह्यांना घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी उठले, रिकाम्या टेबलावर बोट दाबलं आणि मोठ्याने म्हणाले, "घेतला!"

ह्यांचा चेहरा निवळला. जाऊन खुर्चीत बसले.

चिंगीला फोन करते आता.