भाऊंच्या संकल्पनेतली माझी झाडं

८ जुलै
भारंगीला निळी फुलं आली. दोन वर्षं नुसती पानं दाखवत होती. बिल्डिंगची मागची भिंत आणि नाला यांच्यामधली ही सत्तर पावलांची पट्टी. पेपरातून रिटायर होऊन टिटवाळ्याला राहायला आलो तेव्हा इथे डेब्रिजचे ढीग होते. आता कुडा, करवंद, गुळवेल, टाकळा. सगळं इथल्याच मातीतलं. सेक्रेटरी मोकाशी त्याला जंगल म्हणतात. म्हणोत बापडे.
संध्याकाळी टीव्हीवर सहा चौकटींत सहा प्रवक्ते भांडत होते. आवाज बंद करून पाहिलं. काही बिघडलं नाही.

११ जुलै
मोकाशी पेढा द्यावा तशी बातमी देऊन गेले. पट्टीवर सेल्फी पॉइंट होणार. भाऊ करून देणार. निवडणूक अजून जाहीर नाही, पण भाऊ इच्छुक आहेत आणि बॅनर केव्हाचेच लागलेत. पेव्हर ब्लॉक, लॉन, मधे माणूस उभा राहील एवढं पत्त्यातलं लाल बदाम. पंधरा ऑगस्टला उद्घाटन. खाली जाऊन पाहिलं तर खुंट्या ठोकून सुतळी बांधलेली, बरोबर कुड्यांच्या मधून. जागा पालिकेची. माझा हक्क शून्य. जेवण गेलं नाही.

१२ जुलै
भाऊंच्या ऑफिसात गेलो. चहा पाजला, माझ्या पायाही पडले. सगळं ऐकून म्हणाले, "काका, तुम्हाला झाडंच पाहिजेत ना? साठ पाम लावतो. एकदम एअरपोर्टसारखं वाटेल." चहा मात्र चांगला होता.

१४ जुलै
सावंतला फोन केला. माझ्या हाताखाली शिकला, आता जिल्ह्याचं पान तोच बघतो. म्हणाला, "सर, रानझाडं वाचवा, हे कोण वाचणार? औषधी काही आहे का त्यात?" मी म्हटलं, आहे की. गुळवेल शुगरला, कुड्याची साल पोटाला. ऐकीव, अर्धवट, जे आठवलं ते ठोकून दिलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बातमीतून जे कापलं, ते स्वतःच्या बातमीत घातलं. बायकोला, मं.ला, हे सांगितलं नाही.

१७ जुलै
छापून आलं. तीन कॉलम, रंगीत फोटो. 'टिटवाळ्यात संजीवनीचा खजिना'. पान मं.पुढे धरलं. मं.ने चष्मा लावून दोनदा वाचलं. "यात संजीवनी कुठली ती दाखवा मला." मी फोन घ्यायला उठलो. खरं तर फोन वाजला नव्हता.

१९ जुलै
लोक आले. पिशव्या घेऊन. सकाळी आठला पाच-सहा जण, दहापर्यंत रांग. आंबिवलीहून एक कुटुंब रिक्षा करून आलेलं, आजोबांना शुगर म्हणून. एक गृहस्थ, चांगले शिकलेले, कोयत्याने कुड्याची साल सोलत होते. सहा वर्षांचं झाड. मी ओरडलो तर म्हणाले, पेपरात आलंय. काय सांगू, की ते पेपरात मीच घातलंय?
गुळवेल संपली. भारंगी मुळासकट गेली. सुतळीच्या खुंट्या तेवढ्या जागच्या जागी. भाऊंचा बुलडोझर यायचा होता, त्याआधी मीच आणला. दुपारी मं.ला सगळं कबूल केलं. ती माझ्या पायांना तेल चोळत बसली. रडू आलं.

२० जुलै
हिराबाईला बोलावलं. स्टेशनबाहेर रानभाज्या विकते, पट्टीतलं निम्मं तिनेच दिलेलं. तिने सगळीकडे फिरून बोटांनी माती उकरली. "मुली र्‍हायलीय खाली. येल ती." मुली म्हणजे मुळी. बारा ठिकाणी विचारलं, नऊ ठिकाणी "येल" म्हणाली. सोललेल्या कुड्याला शेण-माती लिंपली, वर फडकं बांधलं. त्याला मात्र "येल" म्हणाली नाही. तरी कालपासून छातीवर बसलेलं जरा हललं.

२३ जुलै
सकाळी खाली टेम्पो. पाम आले असं समजून चप्पल न घालताच धावलो. टेम्पोत तारेचं कुंपण. आणि पाटी: 'मा. भाऊंच्या संकल्पनेतून साकारलेले वनौषधी उद्यान'. भाऊंचा फोटो पाटीपेक्षा मोठा. खुंट्या उपटल्या, बदाम रद्द, पाम दुसऱ्या वॉर्डात गेले. बातमी भाऊंनी जपून ठेवलीय, लॅमिनेशन करून. "काका, रान कुणी तोडलं तर मला सांगा, हातपाय तोडतो." सहा वर्षं मागत होतो ते कुंपण तासाभरात उभं.
मं. पाटी वाचून चिडली. मी हसत सुटलो. खरंच. घरी येऊन चार पोळ्या खाल्ल्या.

२९ जुलै
उद्या लोकल चॅनल येणार. भाऊंचा माणूस सांगून गेला, काकांनी एवढंच म्हणायचं की भाऊंनी केलं. मं. म्हणते, "गुडघे तुमचे गेले आणि नाव त्यांचं?" म्हटलं, नाव घेऊ दे. झाडांना वाचता येत नाही.

३० जुलै
चॅनलची मुलगी माइक घेऊन आली. कोणी केलं? भाऊंनी केलं हे. बोलून टाकलं, जीभ अडखळली नाही. मग ती म्हणाली, कुठलं झाड कुठल्या आजारावर ते प्रेक्षकांना सांगा. भाऊ शेजारी हात जोडून उभे.
म्हटलं, "कशावरच नाही. पेपरात आलं ते चुकीचं होतं, ते मीच सांगितलं होतं. डॉक्टरकडे जा. इथे नुसतं बघायला या."
भाऊंचे हात जोडलेलेच राहिले. मुलीने माइक त्यांच्याकडे वळवला.
संध्याकाळी दाखवलं. माझे तीन शब्द: भाऊंनी केलं हे. पुढचं कापलं. मीही असाच कापायचो, त्या मुलीला काय बोलू. पण कुणाला ऐकू गेलं असो-नसो, मी बोललो. दुपारी दोन तास गाढ झोपलेलो. किती दिवसांनी.

६ ऑगस्ट
वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली. वॉर्ड महिलांसाठी राखीव. भाऊंचा चेहरा पडला म्हणतात. मला वेगळी धास्ती, पाटीबरोबर कुंपणही जातं की काय. संध्याकाळपर्यंत पाटीवर स्टिकर: 'सौ. वहिनींच्या संकल्पनेतून'. सुटलो. गुळवेलीला एक कोंब दिसतोय. भारंगीचा पत्ता नाही.

९ ऑगस्ट
वहिनी स्वतः आल्या. एकट्याच, बरोबर कुणी नाही. चाळिशीच्या, शांत. वही काढून म्हणाल्या, "काका, चॅनलवाले मलापण विचारतील. हे काय काय आहे ते सांगा." एकेका झाडापाशी नेलं, त्यांनी नावं लिहून घेतली. कुड्याचं फडकं सोडून दाखवलं. साल अजून धरलेली नाही.
"हे औषध आहे ना?"
नाही म्हटलं.
त्यांनी वही मिटली. चिडल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. "मग ठेवायचं कशाला?"
सहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. ओठांवर आलेली दोन उत्तरं बातमीसारखी वाटली, ती गिळली. म्हटलं, उद्या सकाळी सात वाजता येता का, नुसतं बघायला, थोडा वेळ काढून?
बघते म्हणाल्या.